उलटी बाजू : माया किती सोडावी?

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले, की रोजचं काम नीट केलं तर तीही कलाच. लिहिताना बरं वाटलं. छापून आलं आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या पत्रांत शाबासकी, निम्म्यांत ‘काकू, तुम्हाला बोलायला काय जातंय’ असा सूर. मला ही दुसऱ्या जातीची पत्रं आवडतात. शाबासकीला उत्तर तरी काय द्यायचं? म्हणून या वेळी भांडणारीच पत्रं घेतली आहेत.

हे पान पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी सांगते. मी लेखिका नाही. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या अंगाला आठ बाय दहाच्या दुकानात 42 वर्षं ब्लाउज शिवले. गुडघे गेले, दुकान भाचीला दिलं, आणि संपादकांनी हे पान माझ्या गळ्यात मारलं. पानाचं नाव ‘उलटी बाजू’ का, ते पहिल्या पत्राच्या उत्तरात येईलच.

‘की-बोर्डवर रांगोळी काढू का?’

*काकू, मी 24 वर्षांची आहे. एका खासगी रुग्णालयात बिलिंगच्या काउंटरवर बसते. सकाळी 8 पासून नाव, वय, मोबाइल, खोली नंबर. दिवसाला सव्वाशे-दीडशे नोंदी. तुमच्या ब्लाउजात कला असेल, माझ्या कामात कुठून आणू? की-बोर्डवर रांगोळी काढू? आणि खरं सांगते, घरी गेल्यावर मला माझ्या कामातलं एकही नाव आठवत नाही.*
*— कंटाळलेली, सांगली*

रांगोळी नको काढूस गं, वरचे साहेब ओरडतील. आणि कामाला वरून काहीतरी चिकटवलं की कला होते, असं मी म्हटलेलंच नाही. ब्लाउजच्या पाठीला सहा लटकन लावणाऱ्या खूप बघितल्या. त्यांच्या मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या जागी, हात वर होत नाही.

मी मास्तरांकडे शिवण शिकायला लागले. पहिले सहा महिने नुसते हुक आणि काजं. मग परकर. ब्लाउज हातात यायला वर्ष गेलं. मी शिवलेला ब्लाउज नेऊन दिला की मास्तर तो आधी उलटा करायचे. म्हणायचे, ‘सुलटी बाजू गिऱ्हाईक बघतंय की, ती मी कशाला बघू?’ मग शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख कुठे अडकलं की ब्लाउज परत माझ्या मांडीवर. कुठे अडकलं ते सांगायचे नाहीत. तू शोध. नख सरळ गेलं तर ‘हं’ म्हणायचे. चार वर्षांत मला असे बारा-पंधरा ‘हं’ मिळाले असतील.

आता त्या उलट्या बाजूला काय असतं? माया असते. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. हल्ली कोर्स करून आलेल्या मुली मार्जिन म्हणतात. म्हणोत बापड्या. मार्जिन दुकानदार ठेवतो, माया शिवणारी ठेवते.

तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगी आईचा लग्नातला ब्लाउज घेऊन दुकानात आली. मोरपंखी रेशमाचा. आईच्या लग्नाला 24 वर्षं झाली होती आणि मुलीला स्वतःच्या साखरपुड्याला तोच घालायचा होता. ती आईपेक्षा अंगाने भरलेली. भाची म्हणाली, ‘आत्या, हे जमायचं नाही, दुसरा शिवू.’ मी चष्मा लावला आणि बाजूची शिवण उसवायला घेतली. ब्लेडने नाही. सुईच्या टोकाने, एकेक टाका उचलत. आतून दीड इंच कापड निघालं. बाहेरचा रंग घामाने, उन्हाने विटून राखी निळा झाला होता, आणि आतला पट्टा मात्र दुकानातून कालच आणल्यासारखा लखलखीत मोरपंखी. पट्ट्यावर माझीच पेन्सिलीची रेघ आणि माप. माझा सातचा आकडा असा एकीकडे कललेला असतो, त्यावरून ओळखलं.

आता यात गोची अशी, की नवी टीप बाहेरून मारली की दोन रंगांचा पट्टा दिसणार. शिवाय जुन्या टिपेची भोकं. वाफेची इस्त्री फिरवून भोकं अर्धीअधिक बुजली, पण रंगाला काय करणार? हात खाली असला तर पट्टा झाकला जायचा, वर केला की दिसायचा. मी मुलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘दिसू दे.’

त्या दीड इंचाचे मला 24 वर्षांपूर्वी दीड रुपये जास्त मिळाले नव्हते. उलट माया सोडायची म्हणजे कटिंगला डोकं जास्त चालवावं लागतं, कारण पीस तेवढाच असतो. आणि मी ती सोडली तेव्हा ही मुलगी जन्मालाही आली नव्हती.

तुझ्या कामात अशी माया कुठे सुटू शकेल, ते मी तुझ्या खुर्चीत न बसता कसं सांगू? पण काउंटरच्या अलीकडे उभी राहिलेली बाई म्हणून थोडं सांगता येईल. मागे घराच्या कागदांसाठी मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. कारण एवढंच, की कुणीतरी माझ्या आडनावातला ‘ळ’ टाइप करताना ‘ल’ केला होता. त्या एका अक्षराने मला चार वेळा दोन जिने चढवले. चौथ्या खेपेला खिडकीत एक नवा क्लार्क होता, तुझ्याच वयाचा. माझे कागद त्याने पुढच्या खिडकीत ज्या क्रमाने मागतात त्या क्रमाने लावले. जिथे जिथे सही लागणार तिथे पेन्सिलीने बारीक फुली केली. आणि वर चिठ्ठी टाचली : ‘तिथे झेरॉक्स मागतील. दुकान खालीच आहे, जिना चढायच्या आधी काढून घ्या.’ माझ्या गुडघ्यांकडे त्याचं लक्ष कधी गेलं, मला कळलंच नाही. त्याच्या साहेबाला ती चिठ्ठी कधी दिसणार नव्हती. मी कागद घरी आणले आणि, खरं सांगते, त्या चिठ्ठीवरून नख फिरवून बघितलं.

तर तू एक कर. दीडशेच्या दीडशे नोंदी मन लावून होत नसतात, तो नाद सोड. माझेही सगळे ब्लाउज मन लावून झालेले नाहीत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी रोज सहा-सहा उरकलेत आणि ते उरकलेलेच दिसायचे. तू फक्त नावाचा रकाना धर. समोरच्याला विचार, ‘आधार कार्डावर नाव कसं लिहिलंय?’ आणि ते अक्षर-अक्षर तसं टाक. विम्याचे पैसे मागताना नाव जुळलं नाही की माणूस कसा हेलपाटे घालतो, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. महिनाभर एवढा एकच रकाना. बाकीचे रकाने जसे चालले तसे चालू देत.

कंटाळा जाईल असं वचन मी देत नाही. हातशिलाई करताना मी 42 वर्षं कंटाळले. रेडिओ लावून बसायचे.

‘हातात कला आहे गं, तीसला दे ना!’

*मी घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. एक पोळी 40 रुपये. सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणतात, ‘तुझ्या हातात कला आहे, तू काय पैशांसाठी करतेस का? आम्हाला तीसला दे ना.’ नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही काम म्हणजे कला म्हणता, मग कलेचे पैसे मागताना लाज का वाटते?*
*— पोळीवाली, कोथरूड*

ताई, तुमचं पत्र वाचून मी गेल्या अंकातलं माझं वाक्य अर्धं मागे घेतलं आहे. ‘कला’ हा शब्द आपल्याकडे दोन कामांसाठी वापरतात. एक, कौतुक करायला. दोन, दर पाडायला. दुसरा वापर जास्त होतो.

माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर सतारमेकर गल्ली आहे. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार-पाणी करणारे. हत्यारांचं काम आटलं तसे एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. आज मोठमोठ्या गवयांचे तंबोरे तिथून जातात, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले एक वयस्क कारागीर माझ्याकडून सुती दोरा न्यायचे. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंज, लावताना घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली दोऱ्याचा एवढासा तुकडा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की आवाज मरतो, आणि जागेवर बसला की तार नुसती भरून बोलायला लागते. त्यांना माझ्याकडचा एक ठरावीकच दोरा लागायचा. पॉलिस्टरचा दिला तर परत आणून द्यायचे.

एकदा मी म्हटलं, ‘चाचा, तुम्हाला सगळे कलाकार म्हणतात, मला शिंपीण म्हणतात.’ ते म्हणाले, ‘बेटी, कलाकार वाजवणारा. आपण मिस्त्री. आणि घासाघीस दोघांशीही तेवढीच करतात.’

तर कलाकार म्हटल्याने दर वाढत नाही, हे त्या गल्लीतून शिकून घ्या. दर वाढतो तो हिशेबाने. मी तो फार उशिरा केला. अस्तराचा एक ब्लाउज : मापं 10 मिनिटं, कटिंग अर्धा तास, शिलाई दोन तास, हुक-काजं नि हातशिलाई पाऊण तास. झाले जवळजवळ साडेतीन तास. शेवटी शेवटी मी 450 रुपये घ्यायचे. त्यातून अस्तर, दोरा, हुक यांचे 90 काढा. उरले 360. म्हणजे तासाला शंभराच्या आसपास, आणि त्यात दुकानाचं भाडं, वीज, मशीनचं तेल धरलेलंच नाही. हे मी वहीत लिहिलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून पन्नास रुपये वाढवले. चार गिऱ्हाइकं गेली. त्यातल्या दोघी दिवाळीला परत आल्या.

तुम्हीही लिहा. डाळ निवडून शिजत घालण्यापासून सुरुवात करा. पुरण आटवताना हात सोडता येत नाही तो वेळ, पुरणयंत्र धुण्याचा वेळ, कणीक तिंबण्याचा वेळ, गॅस, तूप, आणि फाटलेल्या पोळ्या ज्या घरच्यांच्या पानात जातात त्याही. (कटाचं काय करता? फुकट वाटत असाल तर आधी ते बंद करा. कटाच्या आमटीला बाटलीमागे पैसे मिळतात.) मग पुढच्या वेळी कुणी ‘हातात कला आहे’ म्हणालं की हसून म्हणा, ‘आहे ना? मग पंचेचाळीस.’

लाजेचं विचारलंत. ती जात नाही. मी दर सांगताना कायम टेपकडे बघून सांगायचे. तुम्ही उलथन्याकडे बघून सांगा.

‘इंच आणि रुपये सोडून बोला’

*आपली उत्तरे व्यवहारी असतात, परंतु खंत वाटते. सावता महाराजांना कांद्या-मुळ्यात विठाई दिसली. गोरोबाकाका चिखल तुडवताना तल्लीन होत. सेना महाराजांनी हजामतीतून परमार्थ सांगितला. काम हीच पूजा, ही आपली परंपरा असताना आपण इंच आणि रुपये मोजत बसता. आपल्या शिंपी समाजात तर नामदेवराय होऊन गेले!*
*— एक निवृत्त शिक्षक, पंढरपूर*

गुरुजी, नमस्कार. नामदेवराय आमचे म्हणूनच थोडं बोलायचं धाडस करते.

गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यातल्या एका पदात ते म्हणतात, मन हा माझा गज (कापड मोजायची पट्टी) आणि जीभ माझी कात्री, मापून मापून यमाचा फास कापतो. पुढे सोन्याची सुई येते, रुप्याचा दोरा येतो. दुकानात भिंतीवर हे लिहून लावावं असं मला फार वाटायचं, आणि एकदा एका गिऱ्हाइकाच्या मुलाकडून सुंदर अक्षरात लिहूनही घेतलं होतं. जो माणूस रोज गज हातात धरतो त्यालाच हे सुचणार. पण तुमच्या एक ध्यानात आलं का, तिथेही मोजणं सुटलेलं नाही. ‘मापून मापून’ असंच म्हणतात ते. इंच सोडा असं नामदेवांनीही सांगितलेलं नाही.

आणि रुपयांचं म्हणाल, तर नामदेवांच्या गाथेतच राजाईचे अभंग आहेत. नवरा देवापाशी, घरात खायला नाही, नेसायला धड नाही, असं ती बाई रोखठोक सांगते. गोणाई, त्यांची आई, तीही कुरकुरते. कीर्तनात नामदेव गातात, राजाईवर फार कुणी थांबत नाही. मी थांबते. दुकानाचं भाडं मी भरायचे.

गोरोबाकाकांची कथा तुम्ही तल्लीनतेसाठी सांगितलीत. पण ती पुरी सांगायला हवी. चिखल तुडवताना भान गेलं आणि रांगत आलेलं स्वतःचं लेकरू पायाखाली आलं. पुढे विठ्ठलाने ते परत दिलं, असं कथा सांगते. आम्हा बाकीच्यांना तशी सोय नाही. म्हणून मला त्या ‘तल्लीन’ शब्दाची जरा भीतीच वाटते.

माझ्याही हातून एकदा तसं झालं. लेकरू नव्हे, पण एका मुलीचं लग्न पायाखाली आलं म्हणा. शालूवरचा ब्लाउज. पाठीचा गळा खोल, त्याला उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्टीची पायपिंग. पट्टी मला हवी तशी बसेना. उरेब कापड हट्टी असतं, जरा ओढलं की लांबतं, सैल सोडलं की गळ्याला लाटा येतात. मी तीन वेळा उसवून परत लावली. चौथ्या वेळी अशी बसली, की गळा रेखल्यासारखा वाटावा, शिवल्यासारखा नाही. मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. मुहूर्त 11 चा होता. मी कार्यालयात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मुलगी बहिणीचा ब्लाउज घालून, वरून शेला घट्ट लपेटून उभी होती. रंग जुळत नव्हता. फोटो तसेच आले. तिची आई मला काहीच बोलली नाही, फक्त पिशवी हातातून घेतली.

माझ्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला ब्लाउज. तिने तो कधी घातला नाही म्हणतात.

त्यानंतर दुकानात लाकडी पाटी लावली आणि गिऱ्हाइकाला सांगितलेल्या तारखेच्या आदली तारीख तिच्यावर खडूने लिहायला लागले. नामदेवरायांच्या पदाशेजारीच ती पाटी होती. दोन्हींची नजरानजर व्हायची. तुम्हाला हे व्यवहारी वाटेल. आहेच.

सावता महाराजांबद्दल मात्र तुमचं सोळा आणे पटलं. अरणचा तो माणूस पंढरपूर इतकं जवळ असून मळ्यातून हलला नाही, देवच त्याच्याकडे आला म्हणतात. माझ्या ओळखीतली सगळी चांगली कामं करणारी माणसं अशीच, जागचं न हलणारी आहेत.

‘माझं काय उरलं?’

*31 वर्षे एस.टी.त कंडक्टर होतो. तुम्ही शिवलेला ब्लाउज 24 वर्षांनी परत येतो. मी फाडलेली लाखो तिकिटे लोकांनी उतरताना चुरगाळून टाकली. आता तर तो तिकिटांचा ट्रे आणि पंचही गेला, मशीन आले. कलाकाराचे काहीतरी मागे उरते. माझे काय उरले?*
*— बिल्ला क्रमांक विसरलेला, बीड*

(24 वर्षांच्या ब्लाउजची गोष्ट आजच छापून येतेय, मग ती यांना कशी कळली, असं वाचकांना वाटेल. ती मी मागे एकदा थोडक्यात सांगितली होती. म्हातारपणी गोष्टी परत परत सांगितल्या जातात.)

दादा, ब्लाउजचं काही उरतं असं समजू नका. शंभरातला एक परत येतो. बाकीचे आधी घरात वापरायला निघतात, मग गोधडीत जातात, गोधडी फाटली की पायपुसणं होतं. मी शिवलेली खणाची चोळी एका घरी उंबऱ्यात ओळखली आहे, तीवरून पाय उचलून आत गेले.

पण मला तुमच्याकडून वेगळंच हवं आहे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी मिरजेहून चिपळूणला जायचे, माहेरी. कुंभार्ली घाटात गाडी शिरली की आम्ही सगळे सीटच्या दांड्याला घट्ट धरून, डोळे मिटून. आणि कंडक्टर मात्र दोन्ही हात मोकळे ठेवून, कमरेने एका सीटला रेलून, ट्रेमधलं तिकीट काढतोय, पंच मारतोय, सुटे मोजतोय. वळण आलं की गुडघ्यातून जरा वाकायचा, सरळ व्हायचा. पैसे सांडलेले मी कधी बघितले नाहीत. गाडीत पन्नास माणसं, त्यात कुणाला कुठे उतरायचंय ते डोक्यात. एक म्हातारी फाट्याच्या अलीकडे वस्तीवर उतरायची. तिथे थांबा नव्हता. ती उठायच्या आधी याची घंटी वाजलेली असायची, आणि ड्रायव्हरही न विचारता ब्रेक दाबायचा.

ते उभं राहणं कुणी शिकवलं तुम्हाला? पायांत किती अंतर ठेवायचं? भार कुठल्या पायावर? चप्पल कसली? रात्रीच्या गाडीला दिवे मंद असताना पाचची आणि दहाची नोट बोटांनी कशी ओळखायची? हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि तुमच्या पिढीबरोबर जाणार. दोन पानं लिहून पाठवा. शुद्धलेखन बघू नका, ते संपादक बघतील. मी माझं पान तुम्हाला देते. तुमचं हस्ताक्षर बघून वाटलंच होतं, चालत्या गाडीत लिहिणाऱ्याचं आहे.

शेवटचं, कामाचं पत्र

*मुलगी 9 वर्षांची आहे. स्वतःच्या हाताने तिला सुती परकर-पोलकं शिवायचं आहे. पहिल्यांदाच शिवते. कुठे किती माया सोडू? भराभर वाढतेय.*
*— नवशिकी, लातूर*

आधी कापड रात्रभर पाण्यात घाला, पिळू नका, सावलीत वाळवा आणि मग कापा. सुती कापड पहिल्या धुण्याला आकसतं आणि मग आपली मापं खोटी पडतात.

पोलक्याला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया. खांद्याला पाऊण इंच. खाली दुमडायला दोन इंच. मुंढ्याला मात्र जीव ओतू नका, अर्धा इंच पुरे. तिथे जास्त कापड ठेवलं तर काखेत गोळा होतो आणि मुलगी पोलकं घालायला रडते. मुंढ्याच्या वळणावर आतून कात्रीने बारीक चिरा द्या, टिपेच्या जरा अलीकडे थांबून, म्हणजे शिवण ताणत नाही. परकराला नेफ्याकडून काही वाढवायला जाऊ नका. खाली घेराच्या वर एकेक इंचाचे दोन आडवे टक (कापड दुमडून शिवलेल्या पट्ट्या) घाला. दर वर्षी एक उसवायचा. उसवल्यावर रेघ दिसेल, तिथे बारीक लेस फिरवा.

मायेवरची बाजूची टीप जरा लांब टाक्याची ठेवा. ती पुढे उसवायचीच आहे. आखूड टाका उसवताना कापड दुखावतं.

आणि एक. कापून उरलेल्या कापडाचा चार बोटं तुकडा पोलक्याच्या आत, बाजूच्या शिवणीला, दोन टाक्यांनी टाचून ठेवा. फेकू नका, कपाटातही ठेवू नका. पोलक्याबरोबर तोही धुतला जाईल, तोही विटेल. पुढे कुठे ठिगळ लावायची वेळ आली तर रंग जुळेल.